रक्तातलं हार्मोन सारखंच, मग पेशी वेगवेगळ्या का वागतात? रिसेप्टरच्या संख्येबद्दल

केंद्रिका

बरेच दिवस यावर लिहायचं मनात होतं. हार्मोनची चर्चा निघाली की सगळे रक्तातल्या पातळीवर येऊन थांबतात, कॉर्टिसॉल किती, इस्ट्रोजेन किती, रिपोर्टात काही नॉर्मलच्या बाहेर आहे का. पण तेच रक्त सगळ्या अवयवांतून फिरतं ना, तरी एकाच कॉर्टिसॉलला यकृताची पेशी साखर बनवायची एन्झाइम्स वाढवून उत्तर देते, कोवळी लिम्फोसाइट (एक पांढरी रक्तपेशी) चक्क मरून जाते, आणि एखादी पेशी ढिम्म हलत नाही. यातला बराच फरक त्या पेशीत रिसेप्टर (हार्मोन धरणारी प्रोटीन्स) किती आहेत यावर ठरतो आणि नेमकी हीच गोष्ट शिकवताना दोन ओळींत उरकतात.

यंत्रणा बहुतेकांना माहीत असेल, तरी एकदा सांगते. स्टिरॉइड हार्मोन (कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन वगैरे) पडदा ओलांडून पेशीत शिरतात. कॉर्टिसॉलचा रिसेप्टर, म्हणजे ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर (पुढे नुसतं जीआर लिहिते), आत एचएसपी९० नावाच्या प्रोटीनच्या आधाराने तयारीत बसलेला असतो. हार्मोन त्याच्या खोबणीत बसलं की त्याचा आकार बदलतो, तो केंद्रकात जातो आणि बहुतेक वेळा जोडीने डीएनएवरच्या १५ अक्षरांच्या ठरावीक क्रमावर बसतो, सहा अक्षरं, मग तीन कुठलीही, मग पुन्हा सहा. तिथे तो को-ॲक्टिव्हेटर प्रोटीन्स बोलावतो, ती क्रोमॅटिन (डीएनए आणि त्याला गुंडाळून ठेवणारी प्रोटीन्स) सैल करतात, आरएनए पॉलिमरेजला (जीनची आरएनए प्रत काढणाऱ्या एन्झाइमला) वाट मिळते आणि जीन चालू होतो. म्हणजे रिसेप्टर हाच इथे जीन चालू करणारा माणूस आहे, हार्मोन त्याला फक्त कामाला लावतं.

आता संख्येचा पुरावा. १९७० च्या दशकात साल्क इन्स्टिट्यूटमध्ये सुझान बूर्ज्वा आणि न्यूबी यांनी उंदराच्या लिम्फोसाइट कॅन्सरच्या दोन सेल लाइन (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी) शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. डब्ल्यू७ पेशीत जीआर जीनच्या दोन्ही प्रती चालू, एस४९ मध्ये एकच चालू, त्यामुळे एस४९ मध्ये रिसेप्टर साधारण निम्मे. डेक्सामेथासोन (कॉर्टिसॉलसारखं काम करणारं औषध) घातलं तर डब्ल्यू७ जास्त सहज मरतात. आणि औषधाला दाद न देणाऱ्या पेशी एस४९ मध्ये एका म्युटेशनने तयार होतात, डब्ल्यू७ ला मात्र दोन टप्पे लागतात आणि मधल्या टप्प्यावरची पेशी रिसेप्टरनेही अर्धी आणि प्रतिसादानेही अर्धवट. मला हा प्रयोग फार आवडतो कारण हार्मोन तेच, रिसेप्टरचा प्रकार तोच, हलतेय ती फक्त संख्या.

पुढे १९८५ मध्ये माणसाचा जीआर क्लोन झाला, म्हणजे त्याचा जीन वेगळा काढून प्रती करता आल्या (रॉन इव्हान्स यांची लॅब, तेही साल्कमध्येच) आणि संख्या हातात आली. १९८७ मध्ये कीथ यामामोटो यांच्या गटाने उंदीरजातीच्या यकृताच्या ट्यूमर पेशी घेतल्या, ज्यांच्यात जीआर जवळपास नव्हताच, त्यांच्यात तो परत घातला, कुठे थोडा कुठे भरपूर, आणि दिसलं असं की जितका रिसेप्टर तितका जीनचा प्रतिसाद. पेशीत जीआर मुबलक असतो आणि मर्यादा दुसरीकडेच कुठेतरी असते ही समजूत त्याने हलली.

तुम्हा सगळ्यांचे अनुभव, शंका, विरोध, सगळं येऊ दे.

समीकरण

छान विषय. पण एक आडवा प्रश्न टाकतो. फार्माकॉलॉजीत स्पेअर रिसेप्टर शिकवतात, म्हणजे पेशीत रिसेप्टर गरजेपेक्षा जास्त असतात, थोडे भरले तरी पूर्ण प्रतिसाद मिळतो. मग रिसेप्टर दुप्पट झाले तर प्रतिसादाची कमाल उंची बदलायला नको, फक्त आलेख डावीकडे सरकेल, कमी हार्मोनमध्ये तेवढंच काम होईल. इथे कमाल उंचीसुद्धा वाढते म्हणताय, ते कसं?

केंद्रिका

समीकरण, अगदी मुद्द्याचं विचारलंत. आधी डावीकडे सरकण्याचंच बघू कारण तेही खरंच घडतं. समजा डेक्सामेथासोनची जीआरशी पकड अशी आहे की ५ नॅनोमोलरला (नॅनोमोलर हे अगदी कमी प्रमाण मोजायचं एकक) निम्मे रिसेप्टर भरतात. पेशीत २०,००० रिसेप्टर असतील तर ५ नॅनोमोलरला १०,००० भरलेले. आता दुसऱ्या पेशीत ६०,००० आहेत. तिथे १०,००० भरायला सहावा हिस्साच भरायचाय, गणित केलं तर त्याला १ नॅनोमोलर पुरतं. म्हणजे रिसेप्टर तिप्पट झाले आणि तेवढ्याच कामाला हार्मोन पाचपट कमी लागलं! पकड तीच, रिसेप्टर तोच. (आकडे हिशोबासाठी गोल घेतलेत, पण पेशीत दहा हजारांपासून लाखापर्यंत जीआर असणं अगदी नेहमीचं आहे.)

आता उंचीचं. स्पेअर रिसेप्टरची कल्पना मुख्यतः ॲड्रिनलिनसारख्या हार्मोनच्या, पडद्यावर बसणाऱ्या रिसेप्टरांना शोभते. तिथे एक रिसेप्टर आत शेकडो रेणूंची साखळी पेटवतो, मधे प्रचंड वाढ होते, म्हणून थोडे रिसेप्टर पुरतात. स्टिरॉइडच्या बाबतीत मधे असं काही नाही, जो हार्मोन धरतो तोच जाऊन डीएनएवर बसतो. आणि बसतो म्हणजे चिकटून राहत नाही हे जास्त महत्त्वाचं. २००० साली जेम्स मॅकनॅली, गॉर्डन हेगर आणि सहकाऱ्यांनी एका सेल लाइनमध्ये विषाणूच्या एका प्रमोटरच्या (जीन जिथून चालू होतो त्या डीएनएच्या भागाच्या) ओळीने खूप प्रती असलेला भाग घेतला, जीआरला हिरवं चमकणारं प्रोटीन जोडलं आणि त्या जागेवर लेझर मारून चमक घालवली. चमक सेकंदांत परत आली. म्हणजे तिथले रिसेप्टर सतत उठून जातायत आणि नवे येऊन बसतायत. मग एखाद्या जागेवर दर मिनिटाला किती वेळा कुणीतरी येऊन बसेल हे केंद्रकात एकूण किती जण फिरतायत यावरच ठरणार ना? हार्मोन कितीही ओतलं तरी सगळे भरले की तो आकडा थांबला, पुढे वाढवायचा तर रिसेप्टरच वाढवायला हवेत. त्यामुळे उंची वाढते.

समीकरण

हे पटलं. पाचपटीचा हिशोब स्वतः कागदावर करून बघितला, बरोबर येतो. पण मग हे असंच वाढत जाईल का, दहापट, शंभरपट?

परीक्षानळी

नाही वाढत, आणि हे मी रोज बघते म्हणून मधे बोलते. आमच्याकडे ल्युसिफरेजचा रिपोर्टर वापरतात, म्हणजे प्रमोटरच्या पुढे काजव्याच्या एन्झाइमचा जीन जोडायचा, जीन चालू झाला की पेशी फोडून त्यात सबस्ट्रेट घातलं की प्रकाश येतो तो मशीन मोजतं. रिसेप्टरचं प्लास्मिड (जीन पेशीत घालायचं डीएनएचं छोटं वर्तुळ) थोडं थोडं वाढवत गेलं की प्रकाश वाढतो, वाढतो, मग सपाट होतो आणि त्याच्याही पुढे गेलं की चक्क खाली येतो. नवीन मुलं पहिल्यांदा हा आलेख बघतात तेव्हा त्यांना वाटतं पिपेटिंग चुकलं. चुकलेलं नसतं, अति तिथे माती. याला स्क्वेल्चिंग म्हणतात. को-ॲक्टिव्हेटर मोजके असतात, रिसेप्टर बेसुमार झाले की डीएनएवर न बसलेले रिसेप्टरच त्यांना अडवून ठेवतात आणि जे खरं डीएनएवर बसलेत त्यांना कुणी मिळत नाही.

१९८९ मध्ये पिएर शाम्बाँ यांच्या स्ट्रासबुर्गच्या लॅबने हे फार नीट दाखवलं होतं, एका स्टिरॉइडचा रिसेप्टर भरमसाट घातला तर दुसऱ्याच स्टिरॉइडच्या रिसेप्टरचं काम खाली येतं, म्हणजे दोघं एकाच मर्यादित साठ्यावर जगतायत.

ज्यांना प्रयोग करायचाय त्यांच्यासाठी: प्लेटच्या प्रत्येक खळग्यात एकूण डीएनए सारखा ठेवा, रिसेप्टरचं प्लास्मिड जितकं कमी तितकं रिकामं व्हेक्टर (रिसेप्टरचा जीन नसलेलं प्लास्मिड) घाला, आणि रिकामं म्हणजे तोच प्रमोटर असलेलं रिकामं. नाहीतर प्रमोटरच एकमेकांच्या वाट्याची प्रोटीन्स पळवतात आणि तुम्हाला वाटतं स्क्वेल्चिंग दिसलं. आणि त्याच पेशींचा वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन मोजायची पद्धत) लावाच, प्लास्मिड किती घातलं म्हणजे प्रोटीन किती झालं असं अजिबात नसतं.

केंद्रिका

परीक्षानळी, वा! वेस्टर्नचा मुद्दा सोन्यासारखा आहे. यात एक भर घालते. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेतल्या स्टोनी सायमन्स यांच्या गटाने वर्षानुवर्षं हेच मोजलं की जीआर किती, को-ॲक्टिव्हेटर किती, को-रिप्रेसर (जीन दाबणारी प्रोटीन्स) किती, यांचं एकमेकांशी प्रमाण बदललं की त्याच जीनला किती हार्मोन लागतं ते सरकतं, आणि जे औषध जीआरला अडवतं म्हणून ओळखलं जातं त्याचा थोडाफार चालू करण्याचा गुणसुद्धा कमीजास्त होतो. म्हणजे 'हे औषध ब्लॉकर आहे' हे वाक्य पेशीचं नाव न घेता अर्धवटच.

जिज्ञासू_वाचक

मी कॉमर्सवाला, तरी वाचतोय. एक बाळबोध शंका. रिसेप्टर वाढले की हार्मोनचे सगळेच जीन एकदम वाढतात का?

केंद्रिका

बाळबोध नाही हो, हीच खरी मजा आहे. सगळे जीन एकसारखे नाहीत. माणसाच्या फुफ्फुसाच्या ए५४९ पेशींवर काम झालंय, डेक्सामेथासोनचा डोस खालपासून वर चढवत नेला. बहुतेक जीन अमुक एका पातळीनंतर उठतात, पण पीईआर१ नावाचा जीन (शरीराच्या घड्याळातला) त्यांच्यापेक्षा कितीतरी कमी डोसलाच जागा होतो. म्हणजे भरलेले रिसेप्टर अगदी थोडे असले तरी त्याला पुरतात. असा जीन रिसेप्टर निम्मे झाले तरी तग धरेल, आणि ज्याला पुष्कळ रिसेप्टर लागतात तो जीन आधी कोसळेल. त्यामुळे रिसेप्टर कमी झाले की पेशीचं उत्तर नुसतं कमी होत नाही, त्याचा चेहराच बदलतो, काही जीन तसेच राहतात, काही गळतात.

आणि दुसरी अट क्रोमॅटिनची. जीआर ज्या जागांवर बसतो त्यातल्या बहुसंख्य जागा हार्मोन यायच्या आधीपासूनच उघड्या असतात. त्या उघड्या ठेवणारी प्रोटीन्स वेगळी, इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या बाबतीत स्तनाच्या पेशीत फॉक्सए१ हे काम करतं. म्हणून यकृतात टायरोसिन अमिनोट्रान्सफरेज हे एन्झाइम वाढतं तसं लिम्फोसाइटमध्ये वाढत नाही, तिथे जीआर कितीही असला तरी. संख्या म्हणजे सर्वस्व असं मी म्हणत नाहीये, दार बंद असेल तर बाहेर कितीही गर्दी जमली तरी काय उपयोग. पण दार उघडं असेल तर मात्र गर्दीच ठरवते.

स्लाइडवाली

पॅथॉलॉजीतून लिहितेय. तुम्ही सगळे बोलताय ते आम्ही रोज मायक्रोस्कोपखाली बघतो. स्तनाच्या गाठीचा तुकडा आला की ईआर-पीआर लावतो, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरला अँटीबॉडी लावून केंद्रकं तपकिरी होतात का बघायचं. किती टक्के केंद्रकं रंगली आणि किती गडद, दोन्ही लिहितो. १ टक्का किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह, आणि २०२० च्या अमेरिकन गाइडलाइनपासून १ ते १० टक्के असेल तर 'ईआर लो पॉझिटिव्ह' असं वेगळं लिहायचं, कारण या गटाला टॅमॉक्सिफेनसारख्या, ईआर अडवणाऱ्या गोळ्यांचा किती फायदा होतो याची माहिती तुटपुंजी आहे आणि यातल्या बऱ्याच गाठी वागायला निगेटिव्हसारख्या असतात. म्हणजे रिसेप्टरच्या संख्येवर जीन चालू होणं अवलंबून आहे हे इथे थेट पेशंटच्या औषधापर्यंत येतं.

पीआर का लावतो हे पुष्कळांना माहीत नसतं. पीआरचा जीन स्वतःच इस्ट्रोजेन रिसेप्टरमुळे चालू होतो. त्यामुळे ईआर आहे आणि पीआरही आहे म्हणजे ईआर नुसता बसलेला नाही, कामही करतोय असा अंदाज घेता येतो. १९७० च्या दशकात ही कल्पना मांडली गेली, आजही आम्ही तीच वापरतोय.

आणि कळकळीची एक गोष्ट. तुकडा काढल्यावर तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा आणि ६ ते ७२ तासच राहायला हवा. बाहेर तसाच पडून राहिला तर रिसेप्टर आम्हाला दिसत नाहीत आणि पेशंट उगाच निगेटिव्ह ठरू शकते. आम्ही स्लाइडवर शेजारचा नॉर्मल ग्रंथीचा भाग शोधतो, तिथली काही केंद्रकं रंगलेली असायलाच हवीत. ती पण कोरी असतील तर त्या निगेटिव्हवर विश्वास ठेवायचा नाही, परत करायचं.

केंद्रिका

स्लाइडवाली ताई, शेवटच्या परिच्छेदाबद्दल मनापासून धन्यवाद, हे बाहेरच्या माणसाला कळायला मार्गच नसतो.

अवेळी_पाऊस

नमस्कार. धागा शोधत नव्हतो, समोर आला. वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, हार्मोन बंद करायची इंजेक्शनं चालू आहेत, टेस्टोस्टेरॉन अगदी तळाला गेलंय, तरी पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते, रक्तात मोजलं जाणारं प्रोटीन) हळूहळू वर चाललाय. डॉक्टर पुढची औषधं सांगतायत, उपचाराबद्दल मला इथे विचारायचं नाहीये. पण हार्मोनच नाही तर पीएसए वाढतोय कसा, हे कुणी समजेल असं सांगेल का? याच धाग्यातलं काहीतरी आहे असं वाटलं.

केंद्रिका

अवेळी, वडिलांना बरं वाटो. आणि हो, याच धाग्यातलं आहे. त्यांच्या बाबतीत नेमकं काय चाललंय हे त्यांचे डॉक्टरच सांगू शकतील, मी सर्वसाधारण जे माहीत आहे ते सांगते.

पीएसए हा स्वतःच अँड्रोजेन रिसेप्टरने (एआर) चालू होणारा जीन आहे. म्हणून टेस्टोस्टेरॉन खाली आलं की आधी तो पडतो, आणि परत वर येतोय याचा बहुतेक वेळा अर्थ असा की पेशींमध्ये एआर पुन्हा कामाला लागलाय. कसा? २००४ मध्ये चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने उपचारांना दाद न देणाऱ्या प्रोस्टेट ट्यूमरच्या जोड्या तपासल्या, आधीचा आणि नंतरचा. सगळ्या जोड्यांमध्ये सातत्याने वाढलेलं एकच काही सापडलं, एआरचा एमआरएनए (प्रोटीन बनवायला जीनची काढलेली प्रत). मग त्यांनी मुद्दाम पेशींत एआर वाढवला, भरमसाट नाही, ३ ते ५ पट फक्त, आणि तेवढ्याने पेशी अगदी कमी हार्मोनवर वाढायला लागल्या. वर समीकरण यांच्याशी जो हिशोब झाला तोच इथे, रिसेप्टर वाढले की तळाला गेलेलं हार्मोनसुद्धा पुरतं. इंजेक्शनांनी ते शून्य होत नाही, ॲड्रिनल ग्रंथीतून येतं, ट्यूमर स्वतःही थोडं बनवतो.

त्याच कामात दुसरी धक्का देणारी गोष्ट दिसली, एआर वाढलेल्या पेशींत बायकॅल्युटामाइड हे ब्लॉकर औषध उलट जीन चालू करायला लागलं. मघाशी सायमन्स यांच्या कामाबद्दल लिहिलं त्याचंच हे जिवंत रूप. पण यातूनच चांगलं निघालं. पुढची औषधं मुद्दाम एआर जास्त असलेल्या पेशींत तपासली गेली, जी तिथेही ब्लॉकरच राहतात ती निवडली, आणि त्यातून एन्झालुटामाइड आलं, अमेरिकेत २०१२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. काही ट्यूमर वेगळी वाटही काढतात, उदाहरणार्थ एआरचा असा तुकडा बनवतात ज्याला हार्मोनची खोबणीच नसते (एआर-व्ही७), तो हार्मोनशिवाय चालू राहतो. त्यामुळे सगळ्यांचं कारण एकच असं नाही.

अवेळी_पाऊस

खूप खूप आभार. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कळलं की पीएसए वाढतो म्हणजे आत नक्की काय होत असतं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना नीट प्रश्न विचारता येतील.

समीकरण

आता माझा पुढचा प्रश्न. रिसेप्टर इतके महत्त्वाचे तर पेशी त्यांची संख्या ठरवते कशी? आणि शरीर ते असंच होऊ देतं का, काहीतरी ताळमेळ असेलच.

केंद्रिका

पेशी संख्या सतत बदलत असते, आणि बदलणारं बऱ्याचदा हार्मोनच असतं. बहुतेक पेशींत ग्लुकोकॉर्टिकॉइड (कॉर्टिसॉलच्या जातीचं हार्मोन) जास्त वेळ राहिलं की जीआर कमी होतो, एमआरएनए कमी बनतो आणि प्रोटीनही लवकर मोडलं जातं. इस्ट्रोजेन मिळाल्यावर ईआर काही तासांत प्रोटिअसोममध्ये (प्रोटीन मोडणाऱ्या पेशीतल्या यंत्रात) जाऊन तुटायला लागतो. उलटही आहे, माणसाच्या ल्युकेमियाच्या सीईएम पेशींत डेक्सामेथासोनने जीआर वाढतो, आणि याच पेशी त्याने मरतात. मला वाटतं हा योगायोग नाही, मरायचा निर्णय घ्यायला लागणारी संख्या त्या अशाच गाठतात असं बरेच संशोधकही मानतात.

सगळ्यात सुंदर उदाहरण गर्भाशयाच्या अस्तराचं. पाळीनंतर इस्ट्रोजेन वाढतं तसे तिथे ईआर आणि पीआर दोन्ही वाढतात, म्हणजे इस्ट्रोजेन जणू प्रोजेस्टेरॉनसाठी जागा करून ठेवतं. ओव्ह्युलेशननंतर प्रोजेस्टेरॉन येतं आणि ते ईआर खाली आणतं, ग्रंथीच्या पेशींत स्वतःचा पीआरसुद्धा. त्यामुळे उत्तरार्धात रक्तात इस्ट्रोजेन बऱ्यापैकी असूनही अस्तर पूर्वार्धासारखं वाढत सुटत नाही. रक्ताचा रिपोर्ट बघून हे कधीच कळलं नसतं.

ताळमेळाचं विचारलंत, तर हायडेलबर्गच्या गुंथर श्युत्झ यांच्या गटाने जीआर जीनच्या दोन प्रती जास्त असलेले उंदीर बनवले, दोनाऐवजी चार. प्रोटीन दुप्पट नाही, साधारण दीडपट झालं. मेंदूला आणि पिट्यूटरीला आता कमी हार्मोनमध्येच 'पुरे' कळायला लागलं, त्यामुळे त्यांनी मागणी घटवली आणि रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन (उंदरांमधलं कॉर्टिसॉलच्या जागचं हार्मोन) बरंच खाली आलं. शरीराने एका बाजूने वाढलेलं दुसऱ्या बाजूने कमी केलं. तरी सगळं फिटलं नाही, त्यांच्या थायमसच्या पेशी डेक्सामेथासोनने जास्त मरत होत्या, आणि हे उंदीर एंडोटॉक्सिनच्या (जिवाणूंच्या विषाच्या) शॉकला जास्त तोंड देऊ शकले. दीडपट फरकाने इतकं!

परीक्षानळी

उंदरांचं वाचून एक सांगावंसं वाटतं, रिसेप्टर मोजले म्हणताना कसे मोजले ते लिहा. ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) लावलेलं डेक्सामेथासोन बांधून मोजलं तर हार्मोन धरू शकणारे रिसेप्टर मिळतात. वेस्टर्नमध्ये प्रोटीन मिळतं, धरू शकतं की नाही माहीत नाही, आणि जीआर-बीटासारखा प्रकार, जो कॉर्टिसॉल धरत नाही आणि जीआर-अल्फाच्या, म्हणजे नेहमीच्या जीआरच्या, कामात अडथळा आणू शकतो, तोही अँटीबॉडी कुठली यावर त्यातच मोजला जाऊ शकतो. एमआरएनए तर त्याहून लांब. तीन आकडे तीन गोष्टी सांगतात आणि लोक बिनधास्त एकमेकांशी तुलना करतात.

स्लाइडवाली

+१. आणि आमच्या स्लाइडवर चौथंच असतं, टक्के म्हणजे किती पेशी रंगल्या ते, एका पेशीत किती रेणू ते नाही. ५० टक्के पॉझिटिव्ह गाठीत निम्म्या पेशी गच्च भरलेल्या आणि निम्म्या कोऱ्या असू शकतात, तिथे सरासरी काढून काही उपयोग नाही, कोऱ्या पेशी टॅमॉक्सिफेनला ऐकणारच नाहीत.

केंद्रिका

म्हणूनच पुढच्या प्रतिसादात एकेका पेशीत मोजतात त्याबद्दल लिहिते, जीआरला चमकणारा टॅग लावून जिवंत पेशीत संख्या आणि त्याच पेशीत जीनचा आरएनए, दोन्ही सोबत. परीक्षानळी, तुमच्याकडे टॅग लावल्यावर रिसेप्टरचं वागणं बदलत नाही ना हे कसं तपासता ते तोवर लिहून ठेवाल का?

परीक्षानळी

लिहिते. थोडक्यात, टॅगवाला रिसेप्टर मूळ जीआर नसलेल्या पेशीत घालायचा, त्याचा डोसचा आलेख साध्या रिसेप्टरच्या आलेखावर ठेवून बघायचा, आणि दोन्हीकडे प्रोटीनची पातळी सारखी असलेल्या पेशीच निवडायच्या. नाहीतर टॅगमुळे सरकलं की संख्येमुळे सरकलं हे कळणारच नाही.